पाद्री, शास्त्री आणि छापखाना

१८३२ साली मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्याचे एक इंग्रजी पुस्तक छापून आले. हिंदू धर्म खोटा आहे हे दाखवण्यासाठीच ते लिहिले होते. पण पुस्तक उघडले की आधी विल्सन भेटत नाहीत, भेटतात मोरभट दांडेकर. मोरभटांनी आदल्या वर्षी ‘हिंदुधर्मस्थापना’ नावाची पुस्तिका काढून पाद्र्यांना उत्तर दिले होते. विल्सननी त्या पुस्तिकेचे भाषांतर आपल्या पुस्तकाच्या आरंभी लावले आणि मग तिच्यातले मुद्दे खोडायला घेतले.

शास्त्र्यांना ही रीत ओळखीची होती. आधी पूर्वपक्ष, मग त्याचे खंडन, हा क्रम आपल्याकडे हजार वर्षे मुरलेला. नवे होते ते एवढेच की हा वाद आता राजसभेत किंवा मठात न होता कागदावर होत होता, आणि तो कागद वाचता येणाऱ्या कुणाच्याही हाती पडू शकत होता.

महाराष्ट्रातल्या मिशनऱ्यांचा इतिहास बहुधा दोनच तऱ्हांनी सांगितला जातो. एक तर तो धर्मांतराचा डाव असतो, नाहीतर शाळा-दवाखान्यांचा उपकार. दोन्ही कथांमधून मोरभट गळून पडतात. वास्तविक परधर्मीयांना जाहीर आव्हान द्यायचे, हे काम विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मभर केले आणि त्यातून ख्रिस्ती झालेली माणसे थोडी निघाली. उत्तर द्यायला उठलेली माणसे मात्र पुष्कळ निघाली. आपल्या धर्माची बाजू लोकांपुढे, लोकांच्या भाषेत आणि कारणे देऊन मांडावी लागते, ही सवय या मंडळींनी मराठी समाजाला लावली. ती हिंदूंना लागली, पारशांना लागली आणि पुढे खुद्द ख्रिस्ती झालेल्यांनाही लागली.

मराठीत परधर्माचे खंडन याआधीही झाले होते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. ते ओवीबद्ध आणि रसाळ आहे. त्यानंतर तेरा वर्षांनी, १६२९ मध्ये, एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरच्या चरित्राच्या निमित्ताने हिंदू देवदेवतांवर प्रदीर्घ टीका करणारा ओवीबद्ध ग्रंथ गोव्यात छापला. या ग्रंथाला कुणा शास्त्र्याने उत्तर दिल्याचे दिसत नाही, आणि ते दिसणार तरी कसे? गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसले होते, देवळे पाडली गेली होती, आणि छापखाना एकाच पक्षाच्या हातात होता. तिथे प्रश्न विचारणारा आणि न्याय देणारा एकच असल्यामुळे वाद असा झालाच नाही.

मुंबईत परिस्थिती वेगळी होती. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. लोक बिथरले तर व्यापार बुडेल, ही तिची धास्ती. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला पोचले, तेव्हा सरकारने त्यांना परत धाडण्याचीच खटपट केली. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना दार उघडले. तेव्हा मिशनरी आले ते राज्यकर्त्यांचे धर्मबंधू म्हणून, पण राज्याचे अधिकारी म्हणून नव्हे. त्यांच्याजवळ दंडा नव्हता. होत्या त्या शाळा, छापखाना आणि जीभ. गोऱ्या पाद्र्याच्या मागे गोरे राज्य उभे आहे ही जाणीव ऐकणाऱ्याच्या मनातून कधी गेली नाही, आणि हा वाद समान पातळीवरचा होता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तरीही उत्तर देणाऱ्याला इथे तुरुंगाची भीती नव्हती. गोवा आणि मुंबई यांच्यातला सगळा फरक इथे आहे.

विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईत उतरले, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. स्कॉटिश मिशनची ठाणी कोकणात बाणकोट-हर्णैला होती. दोघे आधी तिकडे गेले आणि मराठी शिकून मुंबईला परतले. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या; १८३५ मध्ये त्या मुंबईतच वारल्या. विल्सननी १८३० मध्ये ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक सुरू केले, आणि १८३२ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शाळेचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. मराठी, गुजराती, हिंदुस्थानी, फारसी, संस्कृत असा त्यांचा अभ्यास वाढत गेला. ज्या धर्माशी लढायचे त्याचे ग्रंथ मुळातून वाचायचे, हा त्यांचा नियम होता. म्हणूनच ज्यांना त्यांचा राग आला, त्यांनाही त्यांच्याकडे दुर्लक्ष करता आले नाही.

१८३० आणि १८३१ मध्ये त्यांनी मुंबईतल्या ब्राह्मणांशी जाहीर वाद केले. दुसऱ्या वादात समोर मोरभट होते. हा वाद अनेक संध्याकाळ चालला. अवतारांचे आचरण, मूर्तिपूजा, पाप आणि त्याचे प्रायश्चित्त हे मुख्य विषय. पुराणांतल्या गोष्टी काढायच्या आणि ‘असे वागणारा देव कसा?’ असे विचारायचे, ही मिशनऱ्यांची नेहमीची चाल होती. ही चाल सोपी होती, आणि अन्यायाचीही. कीर्तनात, भजनात, आळंदी-पंढरीच्या वाटेवर लोक ज्या कृष्णाला ओळखत होते, तो या पुस्तिकांमध्ये कुठेच दिसत नाही. तुकारामाच्या देशात येऊन केवळ गोपींच्या वस्त्रहरणावर बोट ठेवणाऱ्याला इथला धर्म अर्धाच कळला, असेच म्हणावे लागेल.

या चालीला खरे उत्तर साताऱ्याहून आले. नारायणराव नावाच्या गृहस्थांनी ‘स्वदेशधर्माभिमानी’ हे पुस्तक लिहिले. नारायणराव इंग्रजी जाणणारे होते. पुराणांचा बचाव करण्यापुरते न थांबता त्यांनी तोच चष्मा बायबलला लावला. विल्सननी १८३४ मध्ये दुसरे पुस्तक लिहून त्यांना उत्तर दिले. पण एक गोष्ट घडून गेली होती. कृष्णाला जे माप लावता तेच जुन्या करारातल्या राजांना आणि संदेष्ट्यांना लावा, असे सांगणारा माणूस इथल्या मातीतून उभा राहिला होता. उत्तरेत वीस वर्षांनी हेच घडले. १८५४ च्या एप्रिलमध्ये आग्र्याला पाद्री फांडर यांच्याशी वाद करताना मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि डॉक्टर वझीर खान यांनी युरोपातल्याच विद्वानांनी केलेली बायबलची चिकित्सा पुढे केली आणि फांडर यांना अडचणीत आणले.

उत्तर छापायचे तर छापखाना हवा. अमेरिकन मिशनचा छापखाना मुंबईत चालू होता, आणि तिथे हाताखाली काम करणाऱ्यांमध्ये गणपत कृष्णाजी होते. शिळाछापाची कला त्यांनी तिथे पाहिली, दगड आणि शाई यांचे प्रयोग स्वतः केले, स्वतःचे यंत्र उभे केले आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून काढले. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसे पोथ्यांना हात लावायला कचरत. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातले, असे सांगतात. पुढच्या पिढीतले जावजी दादाजी हेदेखील लहानपणी याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते. त्यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध, देखण्या आवृत्त्यांनी ते नाव जगभरच्या पंडितांच्या ओठी गेले. बायबल आणि पुस्तिका छापण्यासाठी आणलेली विद्या वेद-पुराणांच्या कामी आली.

पारशांच्या बाबतीत प्रकरण जास्त चिघळले. १८३९ च्या मे महिन्यात विल्सन यांच्या शाळेतले धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले. सारा समाज खवळला. धनजीभाईंना मिशनने डांबून ठेवले आहे, या तक्रारीवर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. मुलगा स्वतःचे बरेवाईट कळण्याइतका मोठा आहे असे कोर्टाने ठरवले, आणि त्याने मिशनकडे परत जाणे पसंत केले. शाळेतले बहुतेक विद्यार्थी पालकांनी काढून घेतले, आणि धर्मांतराविरुद्ध सरकारकडे अर्ज गेला.

विल्सन आता झेंद अवेस्तावर उतरले. ‘वेंदिदाद’ मधले शुद्धीचे विधी, गोमूत्राचा वापर, सृष्टीमागे दोन तत्त्वे मानण्याचा आक्षेप यांवर त्यांनी लिहिले, आणि १८४३ मध्ये ‘द पारसी रिलिजन’ हा जाडजूड ग्रंथ काढला. दस्तुरांनी, म्हणजे पारशी धर्मगुरूंनी, आणि दोसाभाई सोराबजी यांच्यासारख्या विद्वानांनी १८४० च्या आसपास उत्तरादाखल ग्रंथ लिहिले. पण तेवढ्याने समाधान होईना. पिढ्यान्पिढ्या प्रार्थना पाठ म्हटल्या जात होत्या, त्यांचा अर्थ फारच थोड्यांना ठाऊक होता, आणि एका परक्या पाद्र्याने तो समोर ठेवल्यावर समाजाला हे जाणवले. १८५१ मध्ये नवरोजी फरदुनजी, दादाभाई नौरोजी प्रभृतींनी धर्मसुधारणेसाठी ‘रहनुमाए मज्दयस्नान सभा’ काढली. खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी युरोपात जाऊन अवेस्ताचा आधुनिक पद्धतीने अभ्यास केला आणि मुंबईत परतल्यावर १८६१ मध्ये तरुण धर्मगुरूंसाठी वर्ग चालू केला. त्याच सुमारास पुण्याच्या कॉलेजात मार्टिन हाउग हे जर्मन पंडित होते. जरथुष्ट्राची स्वतःची वाणी म्हणजे अवेस्तातल्या फक्त गाथा आणि त्यांत एकाच ईश्वराची उपासना आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. विल्सन यांच्या आक्षेपांना आपल्याजवळ आता पक्के उत्तर आहे, असे पारशांना वाटले. आज पारशी माणूस आपला धर्म एकेश्वरवादी आहे असे सांगतो आणि गाथांकडे बोट दाखवतो, तेव्हा त्या सांगण्यामागे या झगड्याचाही हात असतो.

हिंदूंमध्ये घर फुटण्याचा प्रसंग आला तो १८४३ मध्ये. स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या शिकवणीतला नारायण शेषाद्री हा तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरात राहू लागला. श्रीपत बारा वर्षांचा होता. वडील कोर्टात गेले आणि या वेळी मुलगा वडिलांच्या ताब्यात मिळाला. पण मुलगा पाद्र्याच्या घरी जेवला होता, त्याचे काय? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे असा आग्रह धरला. सनातन्यांनी बाळशास्त्र्यांवरच तोफा डागल्या. या एका पोराच्या ताटावरून मुंबई-पुण्याच्या ब्राह्मण समाजात दोन तट पडले. ज्याला परत यायचे आहे त्याला वाट असावी की नसावी, हा प्रश्न इतक्या उघडपणे याआधी कुणी विचारला नव्हता.

१८४२ मध्ये अहमदनगरहून अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढले. त्याला तोंड द्यायला मोरभट पुन्हा सरसावले आणि त्यांनी १८४४ मध्ये ‘उपदेशचंद्रिका’ हे मासिक सुरू केले. ज्याचा एका पुस्तिकेपासून आरंभ झाला, त्याच माणसाला तेरा वर्षांनी महिन्यागणिक उत्तर देण्याची गरज वाटली, यावरून वादाचा वेग किती वाढला होता हे कळते. बेळगावचे बाबा पदमनजी या लिखाणाच्या दोन्ही बाजू वाचत वाढले. १८५४ मध्ये ते ख्रिस्ती झाले, १८५७ मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली आणि १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. विधवांची दुःखे मराठी गद्यात पहिल्यांदा इतक्या विस्ताराने आली ती या वादाच्या शाळेत तयार झालेल्या लेखणीतून.

आणि मग विष्णुबुवा ब्रह्मचारी आले.

विष्णु भिकाजी गोखले यांचा जन्म १८२५ मध्ये माणगाव तालुक्यातल्या शिरवली गावचा. घरची गरिबी. थोडे दिवस दुकानात, मग जकात खात्यात नोकरी. ती सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तप केले आणि मग गावोगाव फिरून बोलायला सुरुवात केली. १८५६ मध्ये ते मुंबईत पोचले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, कुठल्या पाठशाळेची पदवी नव्हती, पण त्यांच्या बोलण्याला गर्दी होई. १५ जानेवारी १८५७ च्या गुरुवारी गिरगावच्या बाजूच्या समुद्रकाठी त्यांचा आणि मिशनऱ्यांचा जाहीर वाद सुरू झाला, आणि तो २८ मेच्या गुरुवारपर्यंत आठवड्यांमागून आठवडे चालला.

समोरच्या बाजूला जॉर्ज बोवेन होते. हे अमेरिकन मिशनरी १८४८ मध्ये मुंबईला आले आणि मिशनचा पगार सोडून बाजारातल्या साध्या खोलीत राहू लागले. ‘बॉम्बे गार्डियन’ चे संपादन ते करीत. एका बाजूला लंगोटबंद ब्रह्मचारी आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ संन्याशासारखा राहणारा गोरा पाद्री. दोघांनाही पैशाचा मोह नव्हता, त्यामुळे एकमेकांना ‘पोटार्थी’ म्हणून झटकून टाकण्याची सोय कुणालाच नव्हती. वाद मुद्द्यांवरच करावा लागला.

मुद्दे जड होते. सर्व काही ब्रह्मच असेल तर पाप कुणाचे, चोरी करणारा कोण आणि शिक्षा भोगणारा कोण, हा वेदान्त्यांपुढे टाकला जाणारा ठरलेला पेच. उलट बाजूने प्रश्न येई की एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे धुतले जाते, आणि देव एक असून पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा तिहेरी कसा. वाळूवर बसलेल्या माणसांमध्ये शास्त्री होते, तसे कारकून, दुकानदार आणि विद्यार्थीही होते. ज्या प्रश्नांवर पूर्वी काशीच्या पंडितांनी संस्कृतात बोलायचे, ते आता मुंबईच्या मराठीत, सर्वांना ऐकू जातील असे विचारले जात होते. बुवांची खरी कामगिरी हीच होती. ते वाद जिंकले की हरले, हे ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे ठरवले.

१० मे रोजी मेरठला उठाव झाला. बातम्या मुंबईत पोचल्या, गर्दी म्हटले की सरकारच्या पोटात गोळा येऊ लागला, आणि महिनाअखेरीस समुद्रकाठच्या या सभा थांबल्या. बोवेन यांनी त्याच वर्षी त्यांचा वृत्तान्त इंग्रजीत छापला. बुवांच्या बाजूचा ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ १८७२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर वर्षाने निघाला. दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवून वाचावेत असेच आहेत.

उत्तर देता देता बुवा स्वतःही बदलले. १८५९ च्या ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ मध्ये ते वेदांचा झेंडा उंच धरतात, पण त्याच वेळी वर्ण गुणकर्मावरून ठरावा, विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक असावी, परधर्मात गेलेल्याला परत घ्यावे, असेही सांगतात. १८६७ मधला त्यांचा ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ तर सारे राज्य एकच कुटुंब मानून जमीन आणि धान्य सर्वांचे करायला निघतो. दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. पाद्र्यांनी बोट ठेवलेल्या जखमा खऱ्या होत्या, हे त्यांनी न बोलता मान्य केले होते. औषध मात्र त्यांना आपल्याच घरातले हवे होते.

जोतीराव फुल्यांनी याच वादातून तिसरी वाट काढली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, मिशनऱ्यांशी त्यांची मैत्री राहिली, आणि १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात त्यांनी जोशीबुवाच्या तावडीतल्या कुणबी जोडप्याला समज देणारा पाद्री रंगवला. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. पुराणांवरचे मिशनरी आक्षेप त्यांनी उचलले आणि ते जातीच्या राज्यावर रोखले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त अवतारकथांची जी उलटतपासणी आहे, तिची धार मोरभट आणि विल्सन या दोघांनाही झेपली नसती. दोघांचा वाद देव कोणता खरा याबद्दल होता. जोतीरावांनी देवाच्या नावावर कोण कुणाला राबवतो हे विचारले.

ख्रिस्ती समाज वाढला तो या वादांनी नव्हे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत महार आणि मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली ती गावपातळीवर वर्षानुवर्षे चाललेल्या कामामुळे आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मिळालेल्या आधारामुळे. वादाने ख्रिस्ती झाले ते एकेकटे, आणि बहुतेक अतिशय वाचलेले लोक. त्यांत नीलकंठशास्त्री गोरे यांची गोष्ट सर्वांत विलक्षण. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने जॉन म्यूर यांच्या हिंदू धर्मावर टीका करणाऱ्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून कडक उत्तर दिले. उत्तर देण्यासाठी जे वाचले त्यानेच मनात शंका शिरल्या, आणि १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. फादर नेहेम्या गोरे या नावाने पुढे त्यांनी षड्दर्शनांचे खंडन लिहिले आणि महाराष्ट्रात येऊन प्रार्थना समाजाच्या मंडळींशी वाद केले. मनातल्या शंका त्यांना अखेरपर्यंत सुटल्या नाहीत. पण शंकेखोर माणसाशी कसे बोलावे हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते.

म्हणूनच पंडिता रमाबाईंना त्यांचे लिखाण पटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाई ख्रिस्ती झाल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटले की वाद संपला. तो तिथे नव्याने सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलात कुठे आहे, येशूच्या अलौकिक जन्मावर विश्वास ठेवलाच पाहिजे का, भारतीय स्त्रीच्या गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असे प्रश्न त्या विचारू लागल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली, ती दुसऱ्याच्या हाती देणार नाही, असे त्यांनी बजावले. सिस्टर जेराल्डीनना हा गर्व वाटला. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र रमाबाईंच्या एकेका शंकेला पत्रांतून सविस्तर, बरोबरीच्या नात्याने उत्तरे दिली. सिस्टर जेराल्डीन यांनी, स्वतःचा विरोध असूनही, ही सगळी पत्रे नीट जपून ठेवली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ती अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली.